निमो मासा समुद्रपुष्पात नांदतो कसा?

आपलं बोरी अरब समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश आपल्या मुलांच्याही ओळखीचा झाला आहे. तो काचेच्या टाकीत पाळता येईल का, बचत गटाला त्यातून दोन पैसे मिळतील का, असं बायका आम्हाला विचारतात. आणि ज्यांनी शहरात तो पाळलाय, त्यांची तक्रार वेगळीच असते : मासा आणला, समुद्रपुष्पही आणलं, पण मासा त्यात जातच नाही!

आधी समुद्रपुष्प समजून घेऊ. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे. त्याच्या बोटांसारख्या मऊ धाग्यांना विषारी डंख असतो. लहान मासे त्याला लागले की मरतात. क्लाउनफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर मात्र त्याला वाचवतो. तो आधी शेपूट टेकवतो, मग पोट टेकवतो, मागे सरतो, पुन्हा येतो. सवय झाली की आत शिरतो. मासा समुद्रपुष्पाच्या शत्रूंना हाकलतो, समुद्रपुष्प माशाला आसरा देतं. या माशांच्या कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि कारभार तिचाच. ती मेली तर तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो!

म्हणून पहिली गोष्ट : घर आधी, पाहुणा नंतर. समुद्रपुष्प नव्या टाकीत टिकत नाही. टाकी सहा महिने तरी चालून स्थिरावलेली हवी. उजेड भरपूर हवा, कारण त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं. समुद्रपुष्प जागा बदलत सरकतं, म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी लावा.

दुसरी गोष्ट : जात बघा. दुकानातल्या नेहमीच्या क्लाउनफिशचं समुद्रातलं घर वेगळ्या जातीचं असतं. टाकीत सांभाळायला सोपं असलेलं, टोकं फुगीर असणारं ‘बबल-टिप’ समुद्रपुष्प तो बहुधा स्वीकारतो, पण वेळ घेतो.

तिसरी गोष्ट : ढकलू नका. हाताने किंवा जाळीने मासा आत लोटला तर दोघांनाही इजा होते. त्रास देणारे मोठे मासे काढा. मासा एखाद्या कोपऱ्यात रमला असेल, तर तिथला आडोसा हलवून बघा. कुणाला एका दिवसात जमतं, कुणाला कित्येक महिने लागतात. टाकीत जन्मलेल्या माशाने समुद्रपुष्प कधी पाहिलेलंही नसतं. तो आत गेलाच नाही तरी नीट जगतो, काळजी नको.

आता आपल्या भागाचा विचार. खारं पाणी बनवायला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ लागतं. म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. घरचं मीठ चालत नाही. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालताना गाळलेलं गोडं पाणीच घाला. पाणी २४ ते २७ अंशांवर ठेवावं लागतं. आपल्या मे महिन्यात त्यासाठी पाणी थंड करणारं यंत्र हवं, आणि वीज गेली की जीव टांगणीला.

मासा घ्यायचाच तर टाकीत जन्मलेला मागा. समुद्रातून पकडलेला नको. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे. नवी मुंबईला जाल तेव्हा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला भेट द्या.

गटाचं कर्ज काढून मात्र यात उतरू नका. सुरुवात गोड्या पाण्यातल्या गप्पी आणि मॉलीपासून करा. ते थेट पिल्लं देतात आणि साध्या टाकीत वाढतात. हात बसला, गिऱ्हाईक मिळालं, की मग खाऱ्या पाण्याचा हिशोब सगळ्यांनी मिळून मांडा.