लाकूड गेले, सांधे उरले

चीनच्या हेनान प्रांतात आन्यांगला शांग राजांची राजधानी होती. तिथे इ.स.पू. १२०० च्या सुमारास अख्खे रथ घोड्यांसकट पुरले गेले. लाकूड कुजले, कांस्य टिकले: आसाच्या टोकावरची टोपणे, चाक निसटू नये म्हणून घातलेली खीळ, जुवावरची आणि दांडीच्या टोकावरची आवरणे. म्हणजे संग्रहालयात ज्यांना आपण अलंकार म्हणतो, ते मुळात रथाचे सांधे. जिथे ताण आणि घर्षण जास्त, तिथेच धातू.

त्यांवर सोन्याचांदीची जडण बहरली ती इ.स.पू. ४७५ ते २२१ च्या युद्धमान राज्यांच्या काळात. ओततानाच ठेवलेल्या किंवा मागाहून कोरलेल्या खाचेत सोन्याची तार, चांदीचा पत्रा ठोकून बसवायचा आणि दगडाने घासून सगळा पृष्ठभाग एकसारखा करायचा. बिदरीचे काम जवळून पाहिलेल्याला ही रीत लगेच कळेल. हेनानमधल्याच हुइशियानजवळ १९५१ मध्ये सापडलेले दांडीचे टोक पाहा. आकार प्राण्याच्या मस्तकाचा, आणि त्याच्या तोंडावरची वळणे सोन्याचांदीत उमटलेली. मागून मात्र ते पोकळ आहे, कारण त्यात लाकूड बसायचे.

हा बहर आला तेव्हा रणांगणावर रथाचे महत्त्व ओसरू लागले होते. इ.स.पू. ३०७ मध्ये झाओच्या वूलिंग राजाने उत्तरेकडच्या भटक्यांसारखे घोडेस्वार धनुर्धर तयार करायला घेतले. माझ्या मते, लढाईतली गरज घटत गेली तसा रथ मालकाचा दर्जा दाखवण्याचे साधन अधिकाधिक होत गेला. ‘काओगोंग जी’ या कारागिरीवरील ग्रंथात तर रथाची चौकोनी बैठक म्हणजे पृथ्वी, गोल छत्र म्हणजे आकाश आणि छत्राच्या २८ काड्या म्हणजे नक्षत्रे.

अशा वस्तूचे स्थान हरवले की निम्मा अर्थ हरवतो. लुओयांगजवळच्या जिनत्सुनच्या थडग्यांची १९२८ पासून लूट झाली. तिथल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देखण्या वस्तू देशोदेशीच्या संग्रहांत पांगल्या, पण कुठली वस्तू कुठल्या थडग्यातली हे सांगणारा पुरावा लुटारूंनीच पुसून टाकला. याची मला मनापासून हळहळ वाटते. उलट १९५० मध्ये हुइशियानच्या लिउलीगे इथे पुरातत्त्वज्ञ शिया नाई यांनी कुजलेल्या लाकडाच्या जागी राहिलेल्या मातीचा रंग आणि पोत ओळखत १९ रथांचे आकार उघडे केले. याच शिया नाईंनी इंग्लंडमध्ये मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात काम केले होते. पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झालेले तेच व्हीलर. १९८० मध्ये चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग याच्या समाधीजवळ अर्ध्या आकाराचे दोन कांस्यरथ मिळाले. त्यामुळे कोणता भाग कुठे बसे, हे प्रत्यक्षच पाहता आले.

त्यानंतरच्या हान काळातली एक नळी मात्र वेगळी थांबून पाहावी अशी. हेबेई प्रांतात डिंगझोऊजवळ १९६५ मध्ये सापडलेली ही नळी २६.५ सेंटिमीटर लांब आहे. वेळूच्या पेरांसारखे तिचे चार भाग, आणि त्यांवर सोने, चांदी व फिरोज्याच्या जडणीत हत्ती, उंट, मोर आणि मागे वळून वाघावर बाण सोडणारा घोडेस्वार. ही नळी छत्राच्या दांड्याची. दांडा बैठकीवर उभा असे, म्हणून ही शिकार रस्त्यावरच्या बघ्यांपेक्षा रथात बसणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर राही.