ससून : एका पेढीची लिपी

‘ससूनला नेलं’ असं पुण्यात कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रुग्णालय येतं. ससून हा एक बगदादी माणूस होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

घोटीहून मुंबईकडे निघालं की थळ घाट लागतो. खानदेशचा कापूस बैलगाड्यांतून याच वाटेनं बंदराकडे उतरे. घाटातली रेल्वे १८६५ च्या जानेवारीत धावू लागली. त्याच्या दोनच महिने आधी, ७ नोव्हेंबर १८६४ रोजी, कापसाचा मुंबईतला एक बडा व्यापारी पुण्यात वारला. तो डेव्हिड ससून.

जन्म १७९२ चा. वडील सालेह हे बगदादच्या पाशांचे खजिनदार. दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचा छळ वाढला, तेव्हा डेव्हिडनं बगदाद सोडलं आणि इराणच्या बुशहर बंदरातून तो १८३२ च्या सुमारास सहकुटुंब मुंबईत आला. दोन लग्नांचे मिळून आठ मुलगे, आणि हेच त्याचं खरं भांडवल. मुलगा हाताशी आला की त्याला दूरच्या पेढीवर पाठवायचं, ही त्याची रीत. दुसरा मुलगा इलायस १८४४ मध्ये चीनला गेला, तिसरा १८५८ मध्ये लंडनला. त्यांच्यातला पत्रव्यवहार अरबीत चाले, पण लिपी हिब्रू! आपल्याकडच्या पेढ्यांची मोडी परक्याला लागत नसे, तसाच काहीसा प्रकार. भाव, हुंड्या, लग्नं, भांडणं, सगळं एकाच पत्रात. डेव्हिड १८५३ मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाला, तेव्हा त्यानं सहीही हिब्रूतच केली.

इलायस चीनला गेला तो कशासाठी, हे मात्र आपण सांगायचं टाळतो. कापूस आणि कापड होतंच, पण मोठा नफा अफूत होता. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई आणि या व्यापारातल्या प्रमुख घराण्यांत ससून होते. पुण्याचं रुग्णालय, भायखळ्याचं सिनेगॉग, पुण्याचं लाल देऊळ ही त्याच घराण्याची दानं. मला वाटतं, देणगीदाराच्या चरित्रात दोन्ही खाती शेजारी शेजारी मांडायला हवीत.

बाप गेल्यावर तीन वर्षांत, १८६७ मध्ये, इलायसनं वेगळी पेढी काढली. थोरला अब्दुल्ला गादीवर होता. १८७५ मध्ये त्यानं ससून डॉक बांधला. सर अल्बर्ट म्हणूनही ओळखला जाणारा तो पुढे लंडनला गेला. लंडनच्या तिसऱ्या मुलाचा मुलगा आल्फ्रेड यानं धर्माबाहेर लग्न केलं, म्हणून घरानं त्याला तोडलं. पहिल्या महायुद्धावरच्या कवितांमुळे आपल्याला माहीत असलेला सिगफ्रिड ससून हा त्याचा मुलगा, म्हणजे डेव्हिडचा खापरपणतू नव्हे, पणतू. (आपल्याकडच्या लेखांत ही पिढी नेहमी चुकते.)

मुंबईच्या पेढीवर शेवटी बसली ती एक सून. डेव्हिडचा मुलगा सॉलोमन १८९४ मध्ये वारला आणि त्याची विधवा फरहा, म्हणजेच फ्लोरा, कारभार पाहू लागली. त्या काळी एका मोठ्या व्यापारी घराण्याची सूत्रं बाईच्या हाती! तिला हिब्रू, अरबी, हिंदुस्थानी येत होतं. धर्मग्रंथांचा तिचा व्यासंग मोठा होता. सासऱ्याच्या काळातली ती पत्रं वाचायला तिला दुभाषा लागला नसता. १९०१ मध्ये ती मुलांना घेऊन लंडनला गेली.