अगम्य दिसणारा मजकूर उलगडताना

ई-मेलची मूळ फाइल उघडली किंवा एखाद्या संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता निरखून पाहिला, की अक्षरे आणि आकड्यांची अर्थहीन वाटणारी रांग दिसते. ती कुलूपबंद आहे की फक्त वेगळ्या रूपात लिहिलेली, हे नुसते पाहून कळत नाही. पासवर्ड आणि ओळखपत्रांची सुरक्षितता मात्र याच फरकावर अवलंबून असते. हा फरक स्वतः तपासून पाहायला 'सायबरशेफ' हे साधन फार उपयोगी आहे.

ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेने ते २०१६ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. ते ब्राउझरमध्येच चालते. डावीकडे क्रियांची यादी असते, मध्ये 'रेसिपी'ची जागा आणि उजवीकडे वर इनपुट, खाली आउटपुट. यादीतली क्रिया ओढून रेसिपीत आणायची. एकाखाली एक क्रिया ठेवल्या, तर पहिलीचे उत्तर दुसरीकडे जाते. सगळे गणित आपल्याच संगणकावर होते. इनपुट सर्व्हरकडे पाठवावे लागत नाही.

आता पहिला प्रयोग. इनपुटमध्ये 'म' लिहा आणि 'टू बेस६४' ही क्रिया आणा. संगणक यूटीएफ-८ पद्धतीत 'म' तीन बाइटांत साठवतो : २२४, १६४, १७४. तीन बाइट म्हणजे २४ बिट. बेस६४ त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडते. त्यातून ५६, १०, १८ आणि ४६ हे आकडे मिळतात. ठरलेल्या तक्त्यात ० ते २५ म्हणजे रोमन लिपीतली मोठी अक्षरे, २६ ते ५१ छोटी अक्षरे, ५२ ते ६१ अंक आणि उरलेली दोन चिन्हे. म्हणून आउटपुटमध्ये ४, मोठा के, मोठा एस आणि छोटा यू दिसतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच घटक आहेत. त्यांचे १५ बाइट आणि बेस६४ मध्ये २० चिन्हे होतात. प्रत्येक चौकडीची सुरुवात ४ आणि मोठा के यांनीच होते, कारण देवनागरीचा पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ही जोडी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसली, तर आत देवनागरी किंवा दुसऱ्या एखाद्या भारतीय लिपीतला मजकूर असण्याची दाट शक्यता असते.

उलट जायला 'फ्रॉम बेस६४' पुरते. कोणतीही किल्ली लागत नाही. मोडी लिपीतला कागद मोडी येणारा कोणीही वाचतो, तसेच हे आहे. याला एन्कोडिंग म्हणतात. ई-मेलच्या जोडफायली याच पद्धतीने जातात. माहिती वाटेत बिघडू नये एवढाच त्याचा हेतू असतो. ती लपवणे हा नसतो.

दुसरा प्रयोग एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीने मजकूर कुलूपबंद करण्याचा. एक लांब उतारा घ्या आणि 'एईएस एन्क्रिप्ट' ही क्रिया आणा. २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण ठरवलेली ही पद्धत योआन दामेन आणि विन्सेंट रायमन या बेल्जियन तज्ज्ञांची आहे. किल्ली १६, २४ किंवा ३२ बाइटांचीच लागते. सरावासाठी किल्ली आणि आयव्ही (एन्क्रिप्शनची सुरुवात ठरवणारे मूल्य) या दोन्ही रकान्यांचा प्रकार यूटीएफ-८ करून रोमन अक्षरांची प्रत्येकी १६ चिन्हे लिहा. 'एईएस डिक्रिप्ट'मध्ये तीच किल्ली आणि तोच आयव्ही दिला, की उतारा परत मिळतो. किल्लीतले एक अक्षर बदलून पाहा. उतारा परत येत नाही.

तिसरा प्रयोग हॅशचा, म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढण्याचा. 'एसएचए२' निवडून आकार २५६ करा. उतारा एका ओळीचा असो वा शंभर पानांचा, उत्तर ६४ चिन्हांचेच येते. एक पूर्णविराम वाढवला तरी ते पार बदलते. उत्तरावरून मूळ मजकूर काढण्याची सोय नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो, तो मजकूर जरासा बदलला तरी हॅश बदलतो या गुणामुळे. तरी एक सावधगिरी हवी. दहा आकडी मोबाइल क्रमांकाच्या शक्यता फार तर एक हजार कोटी. संगणक त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवू शकतो. क्रमांकाचा नुसता हॅश ठेवला म्हणजे तो गुप्त राहिला, असे मानू नये.

समोरचा मजकूर नेमका कोणत्या प्रकारचा हे ठाऊक नसेल, तर 'मॅजिक' ही क्रिया निरनिराळ्या उकली करून शक्यता सुचवते. 'एन्ट्रॉपी' ही क्रिया बाइट किती विस्कळीत आहेत ते ० ते ८ या मापात सांगते. इंग्रजी मजकूर साधारण ३.५ ते ५ मध्ये येतो. पुरेशी लांब एन्क्रिप्ट केलेली फाइल ७.५ च्या वर जाते. झिप फाइलचा आकडाही तितकाच चढतो, म्हणून हा फक्त सुगावा समजावा. 'एईएस'चे आउटपुट मोजताना ते 'रॉ' ठेवा. हेक्समध्ये सोळाच चिन्हे असल्याने तिथे आकडा ४ च्या पुढे जातच नाही.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेसिपी आणि छोटे इनपुट पानाच्या पत्त्यात # या खुणेपुढे लिहिले जाते. तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत नाही. पण तुम्ही तो दुवा कोणाला पाठवलात, तर किल्ली आणि मजकूर दोन्ही त्याच्या हाती जातात. दुसरे म्हणजे, खरी गुपिते राखण्यासाठी यातल्या एन्क्रिप्शनवर विसंबू नये, असे सायबरशेफच्या निर्मात्यांनीच स्पष्ट लिहिले आहे. हे शिकण्याचे आणि तपासण्याचे साधन आहे.

त्याची झिप फाइल उतरवून घेता येते आणि मग इंटरनेट बंद करूनही ते चालते. आधार, पॅन किंवा पासवर्ड असलेला मजकूर कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. तपासायचाच असेल, तर आपल्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून तपासा.