गहाण पडलेले क्षण

काळ हे साधन मोठे विलक्षण आहे. राजाला आणि रंकाला ते दररोज सारखेच मिळते. मात्र कोणत्याही पेढीत त्याची ठेव ठेवता येत नाही. मोठ्या तासांचा हिशेब आपण काटेकोरपणे मांडतो. बसच्या रांगेतील दहा मिनिटे, दोन तासिकांमधील पाच मिनिटे, साहेबांकडून कागद सहीनिशी परत येईपर्यंतचा रिकामा वेळ, ही चिल्लर मात्र कोणीच मोजीत नाही.

ख्रिस्ती विचाराने या चिल्लरीची दखल फार पूर्वीच घेतली. संत पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रात वेळेविषयी जो उपदेश आहे, त्यातील मूळ ग्रीक क्रियापद बाजारपेठेतले आहे. मोल देऊन सोडवून घेणे, असा त्याचा अर्थ. सावकाराकडे अडकलेला दागिना सोडवावा, तसा वेळ सोडवावयाचा. तेथे ‘वेळ’ या अर्थी योजिलेला शब्दही घड्याळातील काळाचा नसून योग्य घटिकेचा, संधीचा आहे. परंतु दागिना सोडवून घालावयाचा कोणाच्या अंगावर, हा प्रश्न उरतोच.

विल्यम कॅरीचे चरित्र हे त्याचे एक उत्तर होय. १७६१ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा चांभारकाम करणारा तरुण जोडे शिवता शिवता शेजारी पुस्तक उघडे ठेवी. अशाच फुटकळ वेळात त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषा आत्मसात केल्या. १७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. पुढे श्रीरामपूरहून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने, त्याने मराठीचीही सेवा केली: १८०५ मध्ये व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नव्या कराराचे भाषांतर. १८१२ मध्ये छापखान्याला आग लागून वर्षानुवर्षांची हस्तलिखिते भस्मसात झाली, तेव्हा त्याने तेच काम पुन्हा हाती घेतले. थेंबे थेंबे तळे साचे, याचे याहून मोठे उदाहरण विरळाच.

तथापि या जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १७९४ मध्ये त्याचा लहानगा मुलगा पीटर दगावला आणि पत्नी डोरोथीचे मानसिक संतुलन ढळले. ग्रंथांमागून ग्रंथ सिद्ध होत असताना ती माउली त्याच घरात १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत भ्रमिष्टावस्थेत होती. तिच्या व्याधीवर त्या काळी इलाज नव्हता. दोन शतकांनंतर कॅरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य ठरणार नाही. पण निर्मितीच्या मापाने मोजलेला सदुपयोग हाच पूर्ण सदुपयोग, असे म्हणण्यास मन धजत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात याईराची मुलगी मरणासन्न असताना येशू त्याच्या घराकडे निघाला आहे. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून त्याच्या वस्त्राला स्पर्श करते. घाई असूनही तो थांबतो, ती कोण हे विचारतो, तिचे सारे ऐकून घेतो. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हा विलंब. शुभवर्तमानाच्या दृष्टीने मात्र तीच योग्य घटिका.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाक करणाऱ्या बंधू लॉरेन्सनेही हाच मार्ग चोखाळला. भांड्यांच्या गोंगाटात आणि प्रार्थनेच्या शांततेत त्याला भेद वाटत नसे. दोन्ही ठिकाणी ईश्वर सारखाच सन्निध, अशी त्याची धारणा होती. क्षण वाचविण्यापेक्षा तो भरून टाकण्याकडे त्याचा कल होता.

अर्थशास्त्र सांगते की, एका गोष्टीला दिलेला वेळ दुसरीपासून हिरावलेला असतो. हा नियम कोणालाच चुकत नाही. म्हणूनच तासिकांमधील पाच मिनिटांत एखादे पान अवश्य वाचावे. पण दाराशी एखादा विद्यार्थी संकोचून उभा असेल, तर पुस्तक मिटावे. ते पान उद्याही वाचता येईल. तो विद्यार्थी पुन्हा येईलच, याची हमी नाही.