गलबत

मराठ्यांच्या आरमारातील, शीड व वल्ही या दोहोंवर चालणारे लहान लढाऊ जहाज. बोलीभाषेत शिडाच्या कोणत्याही जहाजास गलबत म्हणण्याचा प्रघात आहे. येथे आरमारी गलबतच अभिप्रेत आहे.

आंग्र्यांच्या गलबतांचे तपशीलवार वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. ते प्रतिपक्षाचे असले, तरी बांधणीविषयी त्यावर विसंबण्यास हरकत नाही. मोठ्यात मोठे गलबतही क्वचितच ७० टनांहून अधिक असे. दोन डोलकाठ्यांपैकी मागची अगदी किरकोळ असून मुख्य काठीवर एकच, परंतु फार मोठे त्रिकोणी शीड असे. ते उभारल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूंची हलकी तक्तपोशी आणि काठावर फिरत्या लहान तोफा असत. मोठ्यांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा ते आठ तोफा चढवीत. चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ताशी सुमारे चार मैल वेग साधे.

त्रिकोणी शीड लांब, तिरप्या काठीस बांधून ती काठी डोलकाठीवर टांगतात. चौकोनी आडव्या शिडापेक्षा हे शीड वाऱ्याच्या रोखाशी अधिक लहान कोन करून जहाजास पुढे नेते. मात्र बाजू बदलताना ती जड काठी जवळजवळ उभी करून डोलकाठीपलीकडे न्यावी लागते व त्यासाठी बहुधा वारा पाठीशी घेऊन वळावे लागते. गलबतावर माणसे मुबलक असल्याने ही अडचण फारशी जाणवत नसावी.

वारा पडला की मोठी युरोपीय जहाजे जागीच खिळत. अशा वेळी गलबते दोर लावून गुराबांना ओढीत नेत व गुराबा शत्रूच्या पिछाडीवरून त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करीत. जहाज पांगळे होऊनही शरण न आल्यास दोन-तीनशे माणसांनी भरलेली गलबते त्यास भिडत व तलवारी उपसून माणसे वर चढत. तुळाजी आंग्रे याने १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांपैकी दोन जाळली व एक पकडले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले हे आरमार जळून खाक झाले. तुळाजीचा बंदोबस्त पेशव्यांना आवश्यक वाटला असेल. परंतु त्यासाठी इंग्रजी तोफा बोलावल्याने किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ मराठी नौदल नष्ट झाले. पुढे धुळपांनी पेशव्यांचे आरमार विजयदुर्गासच उभे केले व १७८३ मध्ये आनंदराव धुळप याने इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले.