पाऊस नेमका कुठल्या मापाचा?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एकच शहर, वारे तेच. मग त्या दिवशी ‘मुंबईत’ किती पाऊस पडला?

ढगातला जलकण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या त्रिज्येचा. तसे सुमारे दहा लाख कण एकवटतात तेव्हा एक मिलिमीटर त्रिज्येचा टपोरा थेंब होतो. ढग काही किलोमीटरचा, बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे क्षेत्र शेकडो किलोमीटरचे. भौतिकशास्त्र सगळीकडे तेच, पण कणांचा हिशेब मांडत मांडत कोणी मोसमी पावसापर्यंत पोचलेले नाही. संगणकही हवेचे चौकोन पाडतो. २०२५ पासून वापरात आलेल्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’चा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. एखादा ढग त्यातही हरवतोच. त्याचा परिणाम सरासरीच्या सूत्राने धरावा लागतो.

मग चौकोन आणखी बारीक करावेत? बाजू निम्मी केली की आकडेमोड किमान आठपट होते. शिवाय हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९ मध्ये दाखवलेली अडचण आहेच: जितकी लहान घडामोड, तितकी तिच्यातली चूक झपाट्याने वाढते आणि मोठ्या घडामोडींना ग्रासते. बारकाईच्या बदल्यात हाती येतात ते थोडेच जादा तास.

गंमत अशी की, दहा दिवसांनंतरची दुपार सांगता येत नसली तरी अख्ख्या मोसमाविषयी काही सांगता येते. हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ मध्ये याचे कारण मांडले: उष्ण कटिबंधातल्या मोसमी सरासरीवर समुद्राच्या तापमानासारख्या संथ बदलणाऱ्या गोष्टींचा मोठा पगडा असतो. हवामान खात्यावरचे बरेचसे विनोद ही दोन मापे एकत्र कालवल्यामुळे होतात, असे मला वाटते. ‘सरासरीइतका पाऊस’ म्हणजे देशभराच्या दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. माण-खटावच्या शिवाराबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न तर या दोन्हींच्या मधला: आता पेरले तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खंड पडेल का? आजच्या हवेची आठवण तोवर पुसट झालेली असते आणि समुद्राची पकड इतक्या थोड्या दिवसांत पुरती जाणवत नाही. मोसमातली पावसाची साधारण ३० ते ६० दिवसांची चढउतार तेवढी हाताशी उरते. आयआयटीएममध्ये तिच्या आधारे दोन-तीन आठवड्यांचे अंदाज बांधले जातात. दुबार पेरणीचे संकट नेमके याच मापाचे आहे.