एका तबकडीची गोष्ट : आकाशातले चित्र जपून कसे ठेवावे?

लोह्यात बसस्थानकाच्या बाजूला माझे टीव्ही दुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. २००७ सालची गोष्ट. माळेगावच्या यात्रेत चित्रित झालेला वाघ्या-मुरळीचा एक कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लागणार होता. त्यात दिमडी वाजवणारे आमच्या शेजारच्या गावचे एक वाघ्या होते. चित्रण झाले आणि दोन महिन्यांत ते वारले. त्यांची पत्नी दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, घरात त्यांचा एक फोटो आहे, तोबी लग्नातला. तेवढं उतरून दे."

मी होकार दिला आणि पहिल्याच खेपेला चूक केली. चूक कोणती, ती का झाली आणि ती टाळायची कशी, हे सांगण्यासाठी आज आपल्यासमोर आलो आहे.

छत्रीवर येणारा संकेत सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत सेवा सुरू झाली आणि आपल्याकडच्या पत्र्यांवर, माळवदांवर छत्र्या दिसू लागल्या. हा संकेत अंकांच्या रूपात, म्हणजे डिजिटल असतो आणि जागा वाचावी म्हणून दाबून बारीक केलेला असतो. खालचा सेट टॉप बॉक्स तो उलगडतो, त्याचे पुन्हा जुन्या पद्धतीचे विद्युत संकेत करतो आणि टीव्हीला देतो. डीव्हीडी रेकॉर्डर तेच संकेत घेऊन पुन्हा त्यांचे अंक करतो, पुन्हा दाबतो आणि तबकडीवर लिहितो. धान्य एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात ओतताना थोडे सांडतेच, तसे प्रत्येक बदलात थोडे चित्र सांडते. म्हणून नको असलेली ओतओत टाळणे, हे चांगल्या प्रतीचे पहिले सूत्र.

माझी चूक इथेच झाली. बॉक्सच्या मागे अँटेनाच्या वायरीचे तोंड होते, रेकॉर्डरलाही होते. हाताशी असलेली वायर मी लावली. पण या वाटेने चित्र आणि आवाज एखाद्या वाहिनीच्या लहरीवर चढवावे लागतात आणि पुढे उतरवावे लागतात. या चढउतारात चित्रावर मुंग्या आल्या, आवाजात घरघर आली. दिमडीचा खणखणीतपणा गेला, डबा वाजवल्यासारखे ऐकू येऊ लागले. भरीस भर म्हणून कार्यक्रम चालू असताना मी रिमोट दाबला आणि वाहिनीच्या नावाची पट्टी नेमकी त्या वाघ्यांच्या चेहऱ्यावर आली. तीही तबकडीत कायमची उतरली. मावशींनी ते पाहिले, काही बोलल्या नाहीत. न बोलता त्या उठून गेल्या, ते मला जास्त लागले.

सुदैवाने त्याच आठवड्यात रात्री पुनःप्रसारण होते. हाती दोन दिवस होते.

अँटेनाच्या वायरीपेक्षा चांगली वाट तीन रंगांच्या पिनांची. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल डाव्या-उजव्या आवाजाची. बॉक्सच्या 'आउट'मधून निघून रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये जायचे आणि रेकॉर्डरच्या 'आउट'मधून टीव्हीकडे. पण पिवळ्या तारेत उजेड आणि रंग एकत्र कालवलेले असतात. त्यामुळे भंडाऱ्याचा पिवळा रंग कडेने पसरतो आणि लुगड्याच्या बारीक रेघांवर नसलेले रंग नाचतात. याहून चांगली वाट एस-व्हिडिओची. त्या गोल पिनेत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी जातात. आवाजासाठी पांढरी आणि लाल पिन मात्र लावावीच लागते. माझ्या बॉक्सला ती सोय नव्हती, म्हणून ओळखीच्या एका घरून तसा बॉक्स मागून आणला.

दुसरा प्रश्न तबकडीवर किती वेळ भरायचा. साध्या तबकडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे सुमारे ३७.६ अब्ज बिट मावतात. तेवढ्यात एक तास भरला तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे एक कोटी बिट येतात. दोन तास भरले तर त्याच्या निम्मे आणि सहा तास भरले तर जेमतेम सतरा लाख. तबकडी वाचवण्याच्या नादात मी पहिल्या वेळी सहा तासांचा पर्याय निवडला होता. नाचणारी माणसे चौकोनी ठिपक्यांत विरघळून गेली होती. कार्यक्रम पाऊण तासाचा असेल तर एक तासाचाच पर्याय घ्यावा.

बाकीच्या गोष्टी लहान, पण विसरल्या तर मोठ्या. रेकॉर्डरवर 'लाइन' हा पर्याय निवडावा. बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त टीव्हीवर करावा. रेकॉर्डरचे घड्याळ वेळेवर रेकॉर्डिंग सुरू करते, पण ते सहसा बॉक्सवरची वाहिनी बदलत नाही. ती आधीच लावून ठेवावी आणि रिमोट लांब ठेवावा. पाच मिनिटांचे नमुना रेकॉर्डिंग करून पाहावे. त्यासाठी पुन्हा पुसता येणारी तबकडी बरी. शेवटी 'फायनलाइज' करायला विसरू नये. ते केल्याशिवाय एकदाच लिहिता येणारी तबकडी दुसऱ्याच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही आणि ते चालू असताना वीज गेली तर तबकडी वाया जाऊ शकते.

वीज! त्या वर्षांतले भारनियमन आपल्याला आठवत असेल. त्या रात्री मी बॉक्स, छत्री आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर ठेवले. मध्येच वीज गेली, टीव्हीचा पडदा काळा झाला. रेकॉर्डरचा लाल दिवा मात्र जळत होता. वीस मिनिटे मी त्या दिव्याकडे पाहत बसलो. सकाळी मावशी आल्या. दिमडीचा पहिला ठोका पडला आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

असे उतरवणे कायद्यात बसते का, असे अनेक जण विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारण स्वतःच्या खाजगी वापरासाठी रेकॉर्ड करण्याला मुभा आहे. प्रती काढून विकण्याला नाही.

आज डीव्हीडी रेकॉर्डर दुकानांत दिसत नाहीत. एचडीएमआयच्या तारेतून येणाऱ्या चित्राला बहुधा नक्कल रोखणारे कुलूप असते. मात्र काही सेट टॉप बॉक्स पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करतात आणि ती प्रत अधिक चांगली असते, कारण तिथे उपग्रहाकडून आलेले अंक पुन्हा न दाबता लिहिले जातात. सूत्र तेच, ओतओत कमी.

आपल्या कपाटात जुन्या तबकड्या असतील तर मात्र थांबू नका. घरी लिहिलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि आपल्या मराठवाड्यात दोन्हींची कमी नाही. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकावर तबकडीतल्या सगळ्या फाइली जशाच्या तशा उतरवून घ्या. त्यात चित्राचा एक ठिपकाही कमी होत नाही. एक प्रत आपल्याकडे ठेवा, एक नातलगाकडे.

मागच्या वर्षी मावशींचा नातू ती तबकडी घेऊन आला. त्याच्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नव्हती. माझ्या जुन्या संगणकावर ती एकदा अडली, दोनदा अडली, तिसऱ्या वेळी चालली. पेन ड्राइव्हवर प्रत करून दिली. नातवाने आजोबांना पाहिलेले नव्हते. तो एवढेच म्हणाला, "काका, आवाज जरा वाढवा ना."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)